प्रदर्शन फुलांचं, परीक्षा माळ्याची

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की पुण्यात रेसकोर्सच्या बाजूला वाहनांची रांग लागते. घोड्यांच्या शर्यतीसाठी नव्हे, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनासाठी. ३९ एकरांची ही बाग पूर्वी सोल्जर्स गार्डन होती. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि बाग ‘एम्प्रेस’ झाली. ती सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. याच नावाच्या संस्थेने एकोणिसाव्या शतकात मुंबईची राणीची बागही घडवली होती. तिथे आता महापालिका आपलं प्रदर्शन भरवते. बंगळुरूच्या लालबागेत तर वर्षातून दोनदा जत्रा भरते, प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला.

गच्चीवर कुंड्या सांभाळणारी मी बाई. ही प्रदर्शनं वर्षानुवर्षं बघत आले आहे. कुठलीही पुस्तकं न वाचता, नुसतं बघून आणि विचारून जे समजलं ते सांगते.

१. दिवस निवडताना आधी ठरवा, काय बघायचंय ते

कुंडीतली झाडं शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असतात. खुडून बाटलीत लावलेली फुलं तशी राहत नाहीत. स्पर्धक पहाटे फुलं घेऊन येतात, टेबलं मांडतात, मग परीक्षक फिरतात आणि त्यानंतर लोकांना आत सोडतात. म्हणून गुलाब, डेलिया, ग्लॅडिओलस बघायचे असतील तर पहिला दिवस गाठावा. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबाची बाहेरची पाकळी मागे वळलेली असते आणि डेलिया मान टाकू लागतो. त्याला पहिलं बक्षीस का मिळालं, हे तेव्हा कुणालाच कळत नाही, आणि लोक परीक्षकांना नावं ठेवत पुढे जातात.

कुंड्याच बघायच्या असतील तर मधल्या वारी सकाळी लवकर जावं. सव्वीस जानेवारीला आणि रविवारी बाग दिसतच नाही, समोरच्याचं डोकं दिसतं. गाडी नेऊ नये. पुलगेटपासून रिक्षा करावी.

२. फाटकातून आत गेलात की थेट स्पर्धेच्या टेबलांकडे चला

बाकी सगळा क्रम तुमच्या मनाने ठेवा, पण हा एवढा पाळा. दारातच फुलांची कमान, फुलांचा मोर, फुलांचं काहीतरी उभं असतं आणि तिथे अर्धा तास फोटोंत जातो. पाय थकलेले असताना टेबलांपाशी पोचलं की सगळे गुलाब सारखेच दिसतात.

ते सारखे नसतात. प्रदर्शनाच्या गुलाबाचं शास्त्र वेगळं आहे. हायब्रीड टी जातीचं फूल अर्धं ते पाऊण उमललेलं असावं लागतं. मधला भाग उंच, टोकदार, आणि त्याभोवती पाकळ्या एकसारख्या फेऱ्यांनी सुटलेल्या. देठ सरळ, पानं स्वच्छ, औषधाचा पांढरा डाग नाही. एका देठावर एकच फूल. ते एकच राहावं म्हणून बाजूच्या कळ्या अगदी मोहरीएवढ्या असताना नखाने खुडलेल्या असतात. उशीर झाला तर देठावर व्रण राहतो आणि परीक्षकाला तो दिसतो.

त्याहून मोठं काम तारखेचं. छाटणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी गुलाब फुलतो. थंडी वाढली की उशिरा, ऊन चढलं की आधी. म्हणजे जानेवारीतल्या एका ठरलेल्या सकाळी फूल पाऊण उमललेलं हवं असेल तर डिसेंबरातली थंडी कशी पडेल याचा अंदाज नोव्हेंबरातच बांधून कात्री चालवावी लागते. हुशार मंडळी पाच-सहा झाडं दोन-तीन दिवसांच्या अंतराने छाटतात. कुठलंतरी एक त्या सकाळी बरोबर येतं. टेबलावर तुम्हाला दिसतं ते एक फूल, बाकीची घरी आधी किंवा नंतर उमलून गेलेली असतात.

जातींच्या चिठ्ठ्याही वाचाव्यात. ‘पीस’ दिसला तर थांबा. फिकट पिवळा, कडेला गुलाबी झाक. फ्रान्सच्या मेयां घराण्याचा हा गुलाब, आणि १९४५ मध्ये बर्लिन पडायच्या बेतात असताना अमेरिकेत त्याचं हे नाव जाहीर झालं. ‘भीम’, ‘रक्तगंधा’, ‘मृणालिनी’ अशी नावं दिसली तर ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे, म्हणजे आपले. या कामामागचा मोठा माणूस डॉ. बी. पी. पाल. ते गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि उरलेल्या वेळात गुलाबांच्या नव्या जाती काढणारे. देशाच्या गव्हाची काळजी वाहणाऱ्या माणसाला गुलाबाचं वेड असावं, हे मला फार आवडतं.

३. कुंडीवरची फुलं मोजू नका, बुडाची पानं बघा

पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्झी, डॉग फ्लॉवर, साल्व्हिया, व्हर्बेना, कॅलेंड्युला. आपल्याकडे यांना हंगामी फुलझाडं म्हणतात. यांना थंड रात्री लागतात, म्हणून प्रदर्शन जानेवारीत. पण बी पडतं ते नवरात्राच्या मागेपुढे, परतीचा पाऊस अजून डोक्यावर असताना. पिटुनियाचं बी बारीक रव्यापेक्षाही बारीक. एक जोराची सर आली की रोपं आडवी. जी जगली ती एकदा ट्रेमधून पिशवीत, पिशवीतून कुंडीत. मधे शेंडे खुडायचे, म्हणजे झाड उंच न वाढता चहूबाजूंनी फुटतं. शेंडा खुडला की फूल लांबतं, म्हणून शेवटचा शेंडा कधी खुडायचा याचाही हिशेब प्रदर्शनाच्या तारखेवरून मागे मोजायचा.

फुलांचा घुमट सगळ्यांनाच जमतो. उत्तम कुंडीत मात्र खालची पानंही हिरवी असतात. बुडाची पानं पिवळी पडून काढून टाकलेली असतील तर पाण्यात किंवा खतात काहीतरी चुकलेलं असतं. कुंडीची मागची बाजूही बघा. रोज फिरवलेली कुंडी सगळीकडून सारखी भरते. भिंतीला टेकवून ठेवलेली पुढून राणी आणि मागून भिकारीण.

शेवंतीची गोष्ट निराळी. ती थंडीपेक्षा रात्रीची लांबी मोजते. रात्र पुरेशी लांब झाली की कळी धरते. म्हणून व्यापारी शेतकरी शेतात रात्री बल्ब लावून तिला फसवतात आणि हवं तेव्हा बल्ब बंद करून फुलवतात. गच्चीवर शेवंती ठेवली आणि समोर रस्त्याचा दिवा रात्रभर असेल तर ती रुसते, त्याचं कारण हेच.

४. मुलं बरोबर असतील तर त्यांना विचारा, ‘यात फूल कुठलं?’

बोगनवेलीचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे, ती रंगलेली पानं. फूल मधली ती बारीक पांढरी नळी. पॉइन्सेटियाचं लाल तेही पान. अँथुरियमचं चकचकीत लाल तेही पान, आणि मधल्या दांड्यावर शेकडो फुलं. उलट जर्बेरा, शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांचं ‘एक फूल’ म्हणजे खरं तर फुलांचा गुच्छ. हे कळलं की मुलं पुढचा तासभर आपल्याला सोडून स्वतःच शोधत सुटतात. शाळेत वर्षभरात होत नाही एवढं वनस्पतिशास्त्र त्या तासात होतं. मुलांची चित्रकला स्पर्धा असते त्या दिवशी मात्र बागेत सतरंज्या आणि डबेच जास्त असतात. तो दिवस वेगळ्या अर्थाने बघण्यासारखा, पण फुलांसाठी नव्हे.

५. भाज्यांपाशी थांबा

तिथे गर्दी नसते. मोठ्यात मोठा भोपळा बघून लोक ‘अरे बापरे’ म्हणतात आणि निघतात. पण बक्षीस नुसत्या मोठेपणाला नसतं. एका ताटलीत मांडलेले टोमॅटो आकाराने, रंगाने, देठाने एकसारखे आहेत का, हे बघतात. एक मोठा टोमॅटो नशिबाने येतो. पाच एकसारखे यायला झाडावर पन्नास असावे लागतात, आणि तेही निरोगी.

६. बोन्सायपुढे वाकून बघा, इकेबानापुढे मागे सरा

बोन्साय उभ्याने वरून बघितलं की खुजं दिसतं. डोळे कुंडीच्या पातळीवर आणले की झाड मोठं होतं. मुळं मातीतून चहूबाजूंना पसरलेली आहेत का, खोड बुंध्याशी जाड होऊन वर निमुळतं होत गेलंय का, फांद्यांवर तारेचे वळ राहिलेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. वड, पिंपळ, उंबर ही आपली झाडं या कामाला फार सोयीची, कारण खोड लवकर वय दाखवतं. एक गंमत लक्षात ठेवा. बोन्सायची पानं छाटणीने लहान होतात, पण फूल आणि फळ मूळ आकाराचंच राहतं. म्हणून हातभर उंचीच्या झाडाला लागलेलं पूर्ण वाढीचं लिंबू बघून हसू येतं.

इकेबानाच्या दालनात बहुतेक लोक ‘एवढंच?’ म्हणतात. दोन फांद्या आणि एक फूल. जपानमधल्या ओहारा, सोगेत्सु अशा घराण्यांच्या शिस्तीत शिकलेल्या बायका पुण्या-मुंबईत बऱ्याच आहेत. सोगेत्सुच्या मांडणीत तीन मुख्य रेषा असतात, त्यांची लांबी भांड्याच्या मापावरून ठरते आणि कोन ठरलेले असतात. चार पावलं मागे जाऊन बघितलं की त्या रेषा दिसतात आणि मधली रिकामी जागाही दिसते. आपल्याकडे गुच्छ म्हणजे दाबून भरलेला. लग्नाच्या स्टेजवर तर भिंतच उभी करतात. तेवढ्यासाठी तरी आपल्याकडच्या मंडपवाल्यांना इकेबानाच्या दालनात सक्तीने तासभर उभं करावं.

७. मोठ्या देखाव्यांबद्दल माझं मत

लालबागेचं काचघर १८८९ सालचं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेलं. त्यात दर प्रदर्शनाला एक विषय घेऊन फुलांची प्रचंड प्रतिकृती उभी करतात. कधी विधानसौध, कधी बसवण्णांचा अनुभव मंटप. तिथल्या प्रदर्शनांनी दोनशेचा आकडा मागे टाकलाय, आणि गर्दीचं नियोजन बघायला तरी पुणेकरांनी एकदा जावं. राणीच्या बागेतही दरवर्षी एखादा विषय घेऊन प्राणी, पात्रं, चिन्हं फुलांनी सजवतात, आणि मुंबईच्या पोरांची तिथे चैन असते. सिमेंटच्या शहरात एवढी पोरं फुलांजवळ जातात, हे काही थोडं नाही.

तरीही मन तिथे रमत नाही. लोखंडी सांगाडा, त्यावर हिरव्या फोमच्या विटा, त्यात खुपसलेली हजारो फुलं. प्रदर्शन लांबलं तर मधेच फुलं बदलायची. यात कारागिरी आहे, पण ती कारागिरी मंडपाची, बागेची नव्हे. लाल गुलाबाच्या जागी लाल कागद लावला तरी दहा फुटांवरून फरक पडत नाही. फुलाचं फूलपण तिथे कामालाच येत नाही.

आणि त्या हिरव्या विटेचं काय? ती एक जातीचं प्लॅस्टिक आहे. पाणी धरते, पण कुजत नाही, आणि चुरली की बारीक कण होऊन मातीत, नाल्यात जाते. लंडनच्या चेल्सी इथे १९१३ पासून जगातलं सगळ्यांत नावाजलेलं पुष्पप्रदर्शन भरतं. ते भरवणाऱ्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत या फोमवर बंदी घातली. आपल्याकडे झेंडूच्या माळा सुतळीवर ओवायची परंपरा असताना आपल्याला हे अवघड जाऊ नये.

८. माळ्याशी बोला

बक्षिसाच्या कार्डावर बंगल्याचं, कंपनीचं किंवा संस्थेचं नाव असतं. कुंडी वाढवणारा माणूस मात्र बहुतेक वेळा जवळच झारी घेऊन उभा असतो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. विचारलं की खुलतो.

एका वर्षी सिनेरारियाच्या कुंड्या इतक्या देखण्या होत्या की मी तिथून हलेना. सिनेरारिया पुण्यात लाडावलेलं पोर, जरा ऊन लागलं की लोळण घेतं. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक मामा होते.

“मामा, खत कुठलं घालता?”

“खताचं काय घिऊन बसलाय ताई. समदे खतच इचारत्यात. पानी कवा द्यायचं न्हाई, त्ये कळाया पायजे.”

“मग कळतं कसं?”

“कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर द्यायचं, जड लागली तर फुडं जायाचं. बोटानं वरची माती बघून खालचं काय समजतंय?”

माझ्या गच्चीवर तेव्हापासून रोज सकाळी कुंड्या उचलण्याचा व्यायाम असतो. झाडं मरायची बरीच कमी झाली. मामांच्या कुंड्यांना बक्षीस होतं, कार्डावर एका मोठ्या संस्थेचं नाव होतं. माझं म्हणणं एवढंच, की त्या कार्डावर दुसऱ्या ओळीला जागा असते. तिथे माळ्याचं नाव छापायला शाई फारशी लागणार नाही.

९. खरेदी सगळ्यांत शेवटी, आणि हात आखडता

रोपवाटिकांचे स्टॉल बाहेर पडायच्या वाटेवर असतात ते उगाच नाही. उरुळी कांचनच्या बाजूची रोपवाटिकांची दुनिया इथे अर्ध्या एकरात भेटते. घेताना फुललेलं झाड टाळा, कळ्यांचं घ्या. फुललेल्याचं अर्धं आयुष्य दुकानातच संपलेलं असतं. पान उलटं करून बघा, मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी यांचा मुक्काम खालच्या बाजूला असतो. तुमच्या घरातली एक आजारी कुंडी बाकीच्या वीस कुंड्यांना पुरते. कुंडीच्या बुडातून मुळांचं भेंडोळं बाहेर आलेलं असेल तर झाड तिथे फार दिवस कोंडलेलं आहे.

गुलाब घेताना डोळा भरलेली जागा शोधा. त्याच्या खालून जोमाने फुटलेला धुमारा दिसला तर तो खुंटाचा, म्हणजे रानटी. तो तसाच राहिला की वरचा गुलाब उपाशी मरतो आणि खालचा काटेरी झुडूप होऊन बसतो.

पॉलिहाऊसमधून आलेलं झाड घरी आणल्याबरोबर गच्चीच्या उन्हात ठेवू नका, लगेच कुंडीही बदलू नका. आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. नारळाच्या भुशात वाढलेल्या झाडाला वरून कोरडं दिसतं म्हणून रोज पाणी घातलं तर आतून कुजतं. इथे मामांचा उचलून बघण्याचा उपाय लागू पडतो.

आणि निळ्या गुलाबाच्या बियांची पाकिटं! इंद्रधनुष्यी गुलाबाच्याही असतात. अजिबात घेऊ नका. गुलाबात निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून २००४ मध्ये ‘निळा’ गुलाब जाहीर केला, तोही डोळ्यांना जांभळटच दिसतो. शिवाय बियांपासून गुलाबाची जात जशीच्या तशी येत नाही, म्हणून तर कलमं करतात. गडद निळ्या ऑर्किडलाही रंग पाजलेला असतो, पुढच्या बहराला ते पांढरं फुलतं. विकणारा हे सांगत नाही. आणि हंगामी फुलझाडं मार्च-एप्रिलच्या उन्हात मरणारच. त्यात तुमचा हात वाईट नसतो.

१०. वर बघा

एम्प्रेसमध्ये खाली मांडलेल्या कुंड्यांपेक्षा वरचे वृक्ष जुने आहेत आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या अजस्र वेलीही. राणीच्या बागेत गोरखचिंच आहे, उर्वशी आहे. प्रदर्शन उठलं तरी हे सगळं तिथेच असतं, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी तिकिटाला रांग नसते.

११. पुढच्या वर्षी बघायला नव्हे, मांडायला जा

स्पर्धा फक्त बंगलेवाल्यांसाठी असते असा उगाच समज आहे. हौशी माणसांसाठीही वर्ग असतात आणि एका कुंडीचीही नोंद होते. बक्षीस बाजूला राहू द्या. तुमची कुंडी जाणत्या माळ्याच्या कुंडीशेजारी ठेवली की घरी जी सुंदर दिसत होती ती तिथे कशी दिसते, हे पाच मिनिटांत कळतं. शेजारचा स्पर्धक काय केलं ते सांगतोही, कारण बागकाम करणाऱ्यांना गुपितं फार वेळ पोटात ठेवता येत नाहीत. बी दसऱ्याच्या आसपास टाका, प्रवेशिकेची तारीख डिसेंबरातच आयोजकांना विचारून ठेवा, आणि कुंडी रोज थोडी फिरवा.